फक्त पांढऱ्याचा फाऊल

परभणीत, जिंतूर रोडला, बॅटरीच्या दुकानावर
लोखंडी जिना चढलात की एकच टेबल.
कापडाला दोन ठिकाणी रफू,
आणि उतार म्हणाल तर किंचित, खिडकीकडं.
भिंतीवर खदीरभाईंनी पेंटरकडून लिहून घेतलेलं :
पांढऱ्याला हात, बाही, काहीही लागलं, फाऊल.
रंगीत चुकून हलला तर फाऊल नाही,
समोरचा म्हणेल तसं.
त्याखाली, बारीक : उधारी बंद.

मी तीन नंबरवर वाकलो होतो.
मनगटात साडूचं घड्याळ, सैल,
त्याचा पट्टा सातला लागला.
टक् म्हणावं इतकंही नाही.
बोटभर सरकला असेल. अर्धं बोट.
कुणी बघितलं नव्हतं.
खदीरभाई हिशेबात,
मुंजाजीराव क्यूला चॉक घासत खिडकीबाहेर,
आणि सात हलल्यानं माझा पुढचा रस्ता
असा मोकळा झालेला, की बस.

दोन श्वास तसाच वाकून राहिलो.
मग म्हणालो, "राव, सात हलला माझ्याकडून."

मुंजाजीराव मोजणी खात्यात निमतानदार होते.
एकतीस वर्षं साखळी आणि झेंड्या.
रात्रीतून चालत गेलेले हद्दीचे दगड
यांनी सकाळी माघारी आणून बसवायचे.
"दगड कुणीच हलवलेला नसतो," सांगायचे,
"एक तर बैलानं, न्हाई तर पान्यानं."
आले. उभे राहिले.
"पांढऱ्याला लागलं?"
"नाही."
"मग फाऊल काहून? ठेवायचा का न्यायचा, ते माझ्याकडं."
एक डोळा मिटला. बराच वेळ.
"नेतो."

दोन बोटांत सात धरून :
"हितं?"
"थोडा अलीकडं."
"आता?"
"सूतभर खाली."
खरं सांगू? मला जागा आठवत नव्हती.
हलला, ते आठवत होतं. होता कुठं, ते नाही.
त्यांना तरी कशी आठवणार, ते तर खिडकीबाहेर.
तरी "हां, हितंच," दोघं एकदम म्हणालो.
"करा पंचनाम्यावर सही," म्हणून हसले
आणि बोटं काढली.

खालून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांचा.
जिना थरथरला, ट्यूबलाइट थरथरली.
सात जरासा डुलला,
आणि आपला आपण, उताराला लागून
निघाला,
पट्ट्यानं ढकलला होता त्याच्याही पुढं
जाऊन थांबला.

आम्ही दोघांनी भिंतीकडं बघितलं.
वरपासून खालपर्यंत वाचलं.
उधारी बंद.