कामकाजातून वगळले

विश्रामगृहाच्या हॉलमध्ये अकरा खुर्च्या होत्या.
नऊ समितीच्या, एक साक्षीदाराची,
एक माझी, बिनहातांची, भिंतीला लागून.
बाहेर मोहाखाली बोंडराणीचे ढिवर
सकाळपासून उकिडवे बसलेले.
त्यांच्या खुर्च्यांचा आदेश निघाला नव्हता.

साक्षीदार क्रमांक सात. मुखरू मारबते, पाटकरी.
वय विचारलं तर म्हणाला, "असंन साठेक."
मी साठ लिहिलं.
शपथेला उजवा हात वर करायचा,
त्यानं दोन्ही केले,
डोक्यावरचं टोपलं सावरावं तसे.

उपसचिवांनी समन्स वाचून दाखवलं:
हजर राहणं बंधनकारक,
न आल्यास, न बोलल्यास, कागद दडवल्यास…
मुखरू म्हणाला, "आलो नं बाप्पा."

"मामा तलावाचं तुडुम कोणी काढलं?"
"म्याच काढलं. रातच्या दोनले."
"कशासाठी?"
"फोन आला मले."
मी लिहिलं: साक्षीदारास दूरध्वनी आला.
आमच्या घरीही मलेच म्हणतात.
पंचवीस वर्षांत माझ्या पेन्सिलीतून
एकदाही मले उतरलेलं नाही.

"कोणाचा फोन?"

मुखरूनं नाव घेतलं.
आडनावासकट, पुढे साहेब लावून,
वर्गणीच्या पावतीवर घालतात तसं सुवाच्य.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
हे सन्माननीय सदस्य आहेत.
ते इथे उपस्थित नाहीत, पूर्वसूचना नाही.
वगळा.

खालच्या टोकाच्या बाई, पहिल्यांदाच निवडून आलेल्या,
म्हणाल्या, मग त्यांनाच बोलावू या की.
उपसचिवांनी नियमांचं पुस्तक न उघडताच सांगितलं,
"सदस्यांना बोलावता येत नाही, ताई.
विनंती करता येते. तीन केल्या."
त्या तिन्ही मीच टंकल्या होत्या.
शक्य झाल्यास, आपल्या सोयीनुसार, कृपया.
मुखरूच्या समन्समध्ये
यातला एकही शब्द नाही, तोही मीच टंकला होता.

मग त्याला त्या रात्रीचं विचारलं,
तेवढं विचारायला नियमाची आडकाठी नव्हती.
तो सांगत राहिला:
पारीवर टॉर्च ठेवला, पाणी गेलं तं गेलंच,
सोसायटीनं सोडलेली तीस हजार बोटुकली संग गेली,
उजाडलं तवा गाळात मोठाले कतले पडले होते,
तोंड उघडत, मिटत,
"पन आवाज नाई साहेब. मासोळीले आवाज नसते."
अध्यक्ष म्हणाले, मुद्द्यावर या.
तो म्हणाला, मुद्दा तं तुमी खोडला.

हे वाक्य मी घेतलं. कोणी वगळा म्हणालं नाही,
जेवणाची वेळ झाली होती.

उठताना तो टेबलाला वळसा घालून
सरळ माझ्याकडे आला.
"लिवलं का?"
इतक्या वर्षांत साक्षीदारानं
मला विचारलेला हा पहिला प्रश्न.
प्रतिवेदकानं उत्तर द्यावं अशी तरतूद नाही.
मी पंख्याकडे पाहिलं.
तो थोडा वेळ थांबला, मग चपला शोधत बाहेर गेला.

जेवणात मच्छी होती, नागपूरहून बर्फात आणलेली.
मी वरणभात घेतला.
मोहाखाली दुर्पताबाई मत्स्यबीजाची पावती
प्लास्टिकच्या पिशवीतून काढून सगळ्यांना दाखवत होती.
ती कोणी मागितली नव्हती.

अहवाल गेला. पान एकेचाळीसवर
नावाच्या जागी तीन फुल्या आहेत.
माझ्या लघुलिपीत ते नाव म्हणजे
एक वळण आणि खाली टिंब, एवढंच.
ते मी खोडलं. पण त्या दिवशी
पेन्सिल जरा दाबून चालली असावी,
वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर
ते वळण उमटलंय,
तिरप्या उजेडात धरलं की दिसतं.

वह्या दोन वर्षांनी जाळायच्या असा नियम आहे.
अजून एकोणीस महिने आहेत.