पोटावर हात

ऑरलँडोच्या त्या खोलीत एसी फार होता.
कंपनीच्या वकिलाने विचारलं, तुमचं काम नेमकं काय?
म्हणालो, पेलिकनचा हात धरून चालणं.
त्याला चोचीखालचं दिसत नाही,
पायरी आली की मी कोपर दाबतो.

पेलिकनच्या आत योमाइरा केसादा.
डोकं सहा किलोचं, चोच धरून.
आत असताना बोलायचं नाही, हा पहिला नियम.
दुखलं-खुपलं तर पोटावरून हात फिरवायचा, दोनदा.
की मी म्हणायचं, पेलिकनरावांना भूक लागली बरं का,
आणि रांग थांबवायची.

तो मुलगा नऊ-दहा वर्षांचा असेल.
चोचीला लोंबकळला, दोन्ही पाय उचलून.
बाप म्हणत होता, अजून एक, अजून एक,
मोबाइल आडवा धरून.

तिने हात फिरवला. दोनदा.
रांगेतली पोरं खिदळली,
सगळ्यांनी आपापल्या पोटावरून हात फिरवला.
मीही.

ती ओरडली का?
नाही.
थांबा म्हणाली?
नाही साहेब. पेलिकन बोलत नाही.
त्याने एवढंच लिहून घेतलं.

टेबलापलीकडे योमाइरा, गळ्याला पट्टा.
मान वळत नाही, म्हणून अख्खी वळली माझ्याकडे,
आत असताना वळायची तशीच.

माझंही हातावर पोट. एक तारखेला भाडं.

आणखी काही आठवतंय? वकिलाने टोपण लावत विचारलं.
टेबलाखाली माझा हात
पोटावर होता.
फिरला,
एकदाच.