पेन्सिल

रोडोपीच्या वरच्या अंगाला जिथं बस वळते
आणि ड्रायव्हर इंजिन बंद न करता सिगारेट संपवतो,
तिथं उतरलो आम्ही, मी आणि कालोयान.
पाठीवर विद्यापीठाचा रेकॉर्डर,
बत्तीस प्रश्न, त्यातले अकरा मागावर,
सात मेंढ्यांच्या घंटांवर,
आणि संमतीपत्राच्या वीस प्रती.

गावात एकोणीस धुराडी. धूर चारांतून.

नाझिफेबाईंनी आधी आम्हालाच विचारलं:
कुणाच्या कुरणातून आलात? फाटक लावलंत ना?
मग तंबाखूच्या पानांचा ढीग पुढ्यात सारला,
हातभर लांब चपटी सुई दिली माझ्या हातात.
कालोयान माईक धरून बसलेला.
त्याला म्हणाल्या, तो चमचा ठेव खाली.

देठात सुई, सुईमागून दोरा,
पानावर पान, सगळी एकाच कुशीवर.
मागाचं विचारलं. विकला.
घंटांचं विचारलं. म्हणाल्या,
इस्मेतला ठाऊक होतं सगळं,
तो वर कबरस्तानात आहे, विचारून या.
दुपार कलली, बोटं काळी, चिकट,
आणि आम्ही प्रश्न क्रमांक चारवर.

निघताना संमतीपत्र पुढं केलं.
पहिलीच रेघ: संपूर्ण नाव.
"कुठलं?"

एक आईनं ठेवलेलं.
एक त्र्याहत्तर साली, शाळेच्या खोलीत,
टेबलामागच्या माणसानं यादीवर बोट ठेवून दिलेलं: नादेझ्दा.
नवऱ्याच्या दगडावर असंच दिलेलं नाव कोरलंय,
मुलानं मागाहून खऱ्या नावाचा दुसरा लावला.
"एवढासा माणूस. दोन दगड."

माझे आजोबा तेव्हा सरकारी नोकरीत होते,
याच जिल्ह्यात.
त्यांच्यापुढं टेबल होतं का, कसली यादी होती,
हे मी घरी कधी काढलं नाही.
बत्तिसांत तो प्रश्न नव्हता.

मी पेन दिलं. त्यांनी परत सारलं.
"पेन्सिल नाही?"
नव्हती. कालोयानच्याही खिशात नव्हती.
तेव्हा चुलीवरच्या फळीवरून त्यांनीच काढली,
सुताराची, लाल, चाकूनं तासलेली,
आणि शाळकरी वळणानं, जीभ दातांत धरून,
लिहिलं.

बसमध्ये कागद उघडला.
नावावर माझाच अंगठा उमटलेला, तंबाखूचा, काळा.
रेकॉर्डरमध्ये चार तास:
सुई, दोरा, कोंबडी, कालोयानचं खोकणं.
घाट उतरेस्तोवर आम्ही बोललो नाही.
मग तो म्हणाला, ते कुरणाचं फाटक...

दोघांनाही आठवेना.