रिकामा तळवा

सिनेमात असतं तसलं पुस्तक
विट्याच्या कोर्टात नाही.
साक्षीदार पिंजऱ्यात चढतो, हात पुढं करतो,
आणि तो हात हवेतच राहतो,
वाढपी पुढं निघून गेल्यासारखा.
"नुसतं माझ्यामागं म्हणा," मी सांगतो.
"ईश्वरसाक्ष शपथ घेतो की."
म्हणतात. कुणी डोळे मिटून,
कुणी एसटी चुकेल म्हणून भराभरा.
कलकत्त्याहून तारखेला आलेला एक गलाईवाला
आधी चपला काढून ठेवायचा
आणि मग मनसोक्त खोटं बोलायचा.

कार्डाला मागची बाजू आहे.
तिथं देव नाही, नुसतं गांभीर्यपूर्वक.
अठ्ठावीस वर्षांत पुढची बाजू
माझ्या अंगठ्यानं काळी पडली,
मागची अजून कोरी म्हणावी अशी.
लेंगऱ्याच्या एका मास्तरांनी ती मागून घेतली होती,
आणि कोर्टात कुणीतरी खाकरलं होतं.

"अप्पालाल," पाटणकर वकिलांनी एकदा चहावर विचारलं,
"ईश्वर म्हणताना तुम्ही मनात काय म्हणता?"
"मी कुठं म्हणतो साहेब. म्हणवून घेतो."
शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत
टोपी खिशातून निघते, सुट्टी संपताना परत खिशात जाते.
मधल्या वेळाचं कोर्टानं कधी विचारलं नाही.
ते न विचारणं
मला पगारातच धरल्यासारखं वाटतं.

कोंडाबाई गडदे परवा आली.
चराईवरून काठ्या चाललेल्या, डोकं फुटलेलं,
ही एकटी पाहणारी.
"ईश्वरसाक्ष," मी म्हणालो.
"त्यो कोन? आमचा बिरोबा हाय."
मागच्या बाकावर हशा.
"मग बिरोबाची घ्या," वकील म्हणाले.
"न्हाई. त्येला हितं आनू नका.
आज म्या माझा आनला, तर उद्या
पल्याडची मानसं त्येंचा आनत्यात.
मग निवाडा कुनी करायचा?
ह्या बाईंनी, का देवांनी आपसात?"

जजबाईंनी चष्मा काढला.
नवीन आहेत, अजून रागवायला शिकल्या नाहीत.
"मग आजी, खरं कशाच्या भरवशावर बोलणार?"
कोंडाबाईनं तळवा उघडून दाखवला.
लोकर कातरायच्या कातरीचे घट्टे,
बाकी काही नव्हतं.
"ह्येच्या."

मी कार्ड उलटं केलं.
गांभीर्यपूर्वक हा शब्द तिच्या तोंडात
दोनदा अडकला, दगड चावल्यासारखा.
तिसऱ्यांदा निघाला.
मग ती बोलली.
काठी पुतण्याच्या हातात होती,
तिच्याच पुतण्याच्या,
जो खाली बसून
तिच्याकडं बघायचं टाळत होता.

उतरताना ती कुणाच्या पाया पडली नाही.
बाहेर व्हरांड्यात, उंबऱ्याच्या पलीकडं,
पदराची गाठ सोडली.
भंडारा होता.
पहिलं बोट स्वतःच्या कपाळाला,
तिथं ती बराच वेळ ओठ हलवत उभी,
कोर्टात तिनं ज्याला येऊ दिलं नव्हतं
त्याच्याशी काय बोलत होती, मला ऐकू आलं नाही.
मग माझ्याकडं वळून,
"लावू का दादा?"

इतक्या वर्षांत गुलाल, उदी, अंगारा
पुष्कळांनी लावला मला, प्रेमानंच,
विचारलं मात्र कुणी नव्हतं.

"नको आक्का," म्हणालो.
"बरं," म्हणाली.
गाठ पुन्हा मारली,
आणि भिवघाटची गाडी किती वाजता
ते विचारलं.