रुमालाखाली

वडील सांगलीच्या पेठेत हळदीचे अडते.
सौद्याला दोन हात एका रुमालाखाली जायचे,
तोंडानं कुणी बोलायचं नाही,
बोटं दाबून भाव ठरायचा.
किती ठरला, मी विचारायचो.
"बोटाला कळतं ते तोंडानं सांगायचं नसतं."

पुढे मिरजेत, वॉर्ड नंबर चार.
हिरव्या चादरीखाली माझं एक बोट
आणि भिंतीला टेकून चोवीस विद्यार्थी.
त्यांना मी उलटं शिकवलं:
बोटाला कळलं की तोंडानं सांगायचं,
त्याच दिवशी, स्टूल ओढून, बसून,
पोरांच्या आधी त्याला स्वतःला.
अवघड होतं ते. टाके सोपे.

बहुतेक जण उशिराच आले.
दोन-दोन वर्षं मूळव्याध म्हणून कुणाकुणाचा पाला खाऊन,
धोतराला डाग पडला तर धोतर लपवून.
तुरचीच्या अंबूताई मगदूम
सुनेला कळू नये म्हणून रात्री लुगडं धुवायच्या.
त्यांचं पोट उघडलं आणि तसंच शिवलं.
बाहेर येऊन मी हात धुतले.
नळ बंद करायचं सिस्टरनं सुचवलं.

मग डब्या.
करंगळीएवढी डबी, झाकणाला काडी.
परसाकडं गेल्यावर एवढंसं घ्या,
झाकण लावा, आशाताईंकडं द्या.
दुधोंडीत लोक पोट धरून हसले.
भिलवडीत एका म्हातारीनं विचारलं,
"करणीला नेताय व्हय?"
एक डबी तपकीर भरून परत आली,
एकीला हळदकुंकू लावलेलं.
इलाही बागवाननं एकेक नोंदवली,
आणि लॅबच्या फ्रीजवर पाटी लावली:
इथे जेवणाचा डबा ठेवू नये.

अकरा वर्षं, चार पेपर.
परदेशातल्या कुणा परीक्षकानं विचारलं,
निम्म्या लोकांनी नमुना का दिला नाही?
मी तक्ता जोडला. वय, शिक्षण, दवाखान्याचं अंतर.
लाज कुठल्या एककात मोजतात,
ते मलाही ठाऊक नव्हतं.

निवृत्तीला शाल, श्रीफळ,
आणि डीननी ठोकून दिलेला एक आकडा:
इतके जीव वाचले.
मी इलाहीकडं पाहिलं. तो छताकडं पाहत होता.

परवा मार्केट यार्डात बाबगोंडा चौगुले भेटले,
पोत्यावर बसलेले, कोपरापर्यंत पिवळे.
"डॉक्टर, तुमच्यापायी माझा अख्खा दिवस गेला बघा.
जुलाबाचं औषध पाजलंसा, नळी घातलीसा,
आणि निघालं काय? वाटाण्याएवढं कायतरी!
बारा वर्षं झाली, मला कुठं काय झालं?"

तो वाटाणा मी काचेवर पाहिला होता.
कडेच्या पेशींनी रांग मोडायला
नुकती सुरुवात केली होती.
"काही नाही ना झालं?" मी म्हटलं.
"न्हाई की!"

मग काय वाटलं कुणास ठाऊक,
खांद्यावरचा टॉवेल त्यांनी माझ्या हातावर टाकला,
खालून माझी बोटं धरली,
दोन घट्ट दाबली,
तिसऱ्याच्या मधल्या पेरावर जरा थांबले
आणि सोडून दिलं. उठून काट्याकडं गेले.

मनगटापर्यंत हळद लागली होती.
ती भाषा वडिलांनी मला शिकवलीच नाही,
आणि त्यांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.
दोन बोटं आणि एक पेर,
म्हणजे किती?