तासिका तत्त्वावर

दुपारी बाराचा तास.
पटावर एकवीस नावं, वर्गात नऊ डोकी,
त्यातलं एक बाकावर टेकलेलं:
कुडक्याल पुरुषोत्तम. रात्रपाळी, टॉवेलचा कारखाना.
भुवयांवर अजून कापसाची पिंजण.

मी फळ्यावर चौकट काढते.
आडवी बाजू माणसांची, उभी पैशांची.
कोपऱ्यातून कोपऱ्याला तिरपी रेघ:
सगळ्यांना सारखं.
अशी रेघ कुठल्याच देशाला जमलेली नाही, असं सांगून
तिच्याखाली दुसरी काढते, लोंबलेली.
पुढच्या बाकावरची म्हणते, मॅडम, झोळी.

झोळीच की.
पत्र्याखालच्या आडव्या बांबूला लुगड्याची,
दोरी अम्माच्या पायाच्या अंगठ्याला,
हात मोकळे. हात विड्यांना.
ती एक हजार वळेपर्यंत मी झोपायचे.
तंबाखूनं शिंका यायच्या झोपेतसुद्धा.

आमच्या घरात शिकण्याला चदुवू म्हणतात.
चौथीत माझं चदुवू पहिल्यांदा कामाला आलं.
ब्रँचवर तपासनीस सूप हलवायचा,
वाकडी, सैल, पान फाटकं,
अशी मूठमूठ छाट बाजूला.
छाटीचे पैसे नाहीत, विड्या मात्र त्याच्याच पोत्यात.
मी वहीत मांडलं. तारीख, वार, छाट किती.
पंधरवड्यानं वही त्याच्यापुढं धरली.
तो हसला. मग हसायचा थांबला.
त्या आठवड्यात नऊ रुपये जास्त आले.
आमच्या घराची ती पहिली आर्थिक वाढ.
अम्मानं वहीला हळदीकुंकू लावलं.

मग बी.ए., एम.ए., सेट.
गुणपत्रिकांचं लॅमिनेशन अशोक चौकात,
दर वेळी अम्मा सोबत, दुकानात न शिरता.

तर मी शिकवत होते,
शिक्षणाचं एकेक वर्ष वाढलं
की मिळकत सरासरी किती वाढते.
पुरुषोत्तमनं डोकं उचललं.
मॅडम, तुमची किती वाढली?

वर्ग हसला. मी सांगून टाकलं.
तासाला किती, आठवड्याला तास किती,
उन्हाळ्यात काहीच नाही,
आणि दिवाळीचं बिल अजून कुठल्या टेबलावर आहे.
हसू गेलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.
आमचा शेठ सातवी आहे, तो म्हणाला,
वाईट नाही बरं का मॅडम, माणूस चांगलाय.
पण त्याच्या बापाचे आठ लूम होते.

पुस्तकात सरासरी असते.
सरासरीला बाप नसतो.

हे मी बोलले नाही.
म्हटलं, तरीही. आणि पुढं अडले.
तरीही काय, ते वहीवाल्या मुलीला माहीत होतं,
मला नेमकं तेव्हा आठवेना.

तो उठून फळ्यापाशी आला.
ही वाकडी सरळ करायची तर
ओढायची कुठनं ओ मॅडम? वरनं का खालनं?

अभ्यासक्रमात याला चार गुण आहेत,
मुद्दे पाच.
मी खडू त्याच्या हातात दिला.
बोटांना मागाचं तेल.
त्यानं दाबून ओढून बघितलं,
खडू घसरला, फळा तेलकट झाला,
रेघ काही उमटली नाही.
घंटा झाली.

हजेरीत त्याच्यापुढं मी ‘ह’ लिहिला,
मागच्या तीन तासांचेही लिहिले.
फळा पुसला.
तेवढी तेलाची जागा पुसली जाईना.

पुढचा तास मंगळवारी,
परिपत्रक आलं तर.