चार-पन्नासची बस

आज धावायचं नाहीये, वेलाफी म्हणतो,
आज नुसतं जायचंय.
त्याच्या पाठीला काठी, काठीला पिवळा झेंडा,
झेंड्यावर चार तास पन्नास मिनिटं.
आमच्या नाताळ प्रांतात अशा घोळक्याला बस म्हणतात
आणि पुढच्याला ड्रायव्हर.
तिकीट नाही. ड्रायव्हरच्या पुढे जायचं नाही, एवढीच अट.

पहाटेचे साडेपाच. उसावर धुकं,
कारखान्याचा गोड, जळका वास.
बार उडतो आणि हजारभर माणसं
आम्हाला मधला दगड समजून
दोन्ही बाजूंनी निघून जातात.

पहिले दहा किलोमीटर म्हणजे नुसता अपमान.
बाबागाडी ढकलणारा बाप पुढे जातो,
केळ्याच्या वेषातला पोरगा पुढे जातो,
योगन नायकरचे सासरे,
वय एकाहत्तर, तेही हात हलवून पुढे जातात.
माझे पाय लगाम चावतात.
नऊ मिनिटं पळा, एक मिनिट चाला.
वेलाफी झुलूत आकडे मोजतो, आम्ही मागून म्हणतो,
आणि चढ असला की मोजणीचं आपोआप गाणं होतं.

पाण्याच्या पिशव्या दातानं फोडायच्या.
अर्धी तोंडात, अर्धी मानेवर.
उकडलेले बटाटे, मीठ वरून.
हेइला म्हणते, हे लग्नासारखंच आहे,
फक्त इथे नवरा नाही.

गेल्या जूनमध्ये मी शहाणी होते.
नव्वद किलोमीटरची शर्यत. पहिल्या अर्ध्यात
पाय म्हणाले जाऊया, मी म्हटलं जाऊया.
एकाहत्तराव्या किलोमीटरला रस्त्यावर आडवी दोरी
आणि दोरीमागे एक भला माणूस,
सॉरी मामा, वेळ संपली.
त्या दिवशी मला खरीखुरी बस मिळाली.
काचांवर वाफ. कुणी बोलत नव्हतं.
समोरचा माणूस बुटाची नाडी सोडत होता,
पुन्हा बांधत होता,
पुन्हा सोडत होता.

आज बत्तीस. वॉटलच्या झाडांखाली
केळं बसलंय, पोटरी धरून,
साल अर्धी सोललेली.
बाबागाडी चालतेय. बाळ झोपलंय.
आणि माझ्या अंगात, काय सांगू,
सकाळ अजून तशीच्या तशी शिल्लक आहे.
मी हळूच झेंड्याच्या बरोबरीला येते,
मग अर्धं पाऊल पुढे.
वेलाफी वळूनही बघत नाही.
लाँड्री, तो म्हणतो (तो सगळ्यांना कामावरून हाक मारतो),
लाँड्री, उधळू नकोस. पगार जूनमध्ये आहे.

मला हसू येतं, कारण हे मला ठाऊक आहे.
इस्पितळाच्या तळघरात एकोणीस वर्षं
मी नव्या पोरींना हेच सांगत आलेय,
ड्रम ठासून भरू नका गं,
चादरी धुतल्या जात नाहीत, नुसत्या भिजतात.
अर्धं पाऊल मागे येते.
सासरे तेवढे पुढे गेले ते गेलेच, आम्हाला सापडले नाहीत.

शाळेच्या मैदानात शेवटचा वळसा.
वेलाफी घड्याळ बघतो, अकरा सेकंद जास्त आहेत,
म्हणून आम्ही चालतो. सगळी बस, चाळीस माणसं,
लोक टाळ्या वाजवताहेत आणि आम्ही चालतोय.
चार, एकोणपन्नास, अठ्ठावन्न.
पदक घालणारी मुलगी विचारते, दमलात?
दमले नाही असं सांगायची लाज वाटते,
म्हणून म्हणते, हो गं, थोडीशी.

मग पदक चोळीत कोंबून, कुणाला न सांगता
टॅक्सी स्टँडपर्यंत आणखी दोन किलोमीटर.
वहीत चव्वेचाळीस लिहिलं होतं.

सोमवारी सहाची पाळी. तळघराचा जिना, बावीस पायऱ्या.
मॅरेथॉननंतर माणूस कठड्याला धरून
खेकड्यासारखा तिरपा उतरतो.
मी सरळ उतरले.
कुणाला काही कळलं नाही.
पहिलं मशीन उघडलं,
आदल्या पाळीनं पुन्हा ठासून भरलं होतं.